जुना माल, नवा माल

वाइनच्या दुकानातले मास्तर उभ्या जन्मात शाळेत शिकवायला गेले नव्हते. गिऱ्हाइकाला बाटलीआधी इतिहास पाजायचे, म्हणून हे नाव पडलं. मालक आठ दिवस परगावी गेले, तेवढ्यात त्यांनी सगळी फडताळं नव्याने लावली. डावीकडे फ्रान्स, इटली, स्पेन. म्हणजे हजारो वर्षं वाइन करणारे देश. उजवीकडे चिली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. म्हणजे जिथं बाहेरून आलेल्या लोकांनी मागाहून द्राक्षाच्या वेली आणल्या ते. पेंटरला 'जुनं जग' आणि 'नवं जग' अशा पाट्या लिहायला सांगून मास्तर जेवायला गेले.

परत येऊन बघतात तर पाट्या टांगलेल्या: 'जुना माल', 'नवा माल'.

मास्तरांची कानशिलं तापली. "मी जग लिहायला सांगितलं होतं."

"दुकानात जग कुठं मिळतं?" पेंटर ब्रश पुसत म्हणाला. "तुमची चूक दिसली, सुधारली."

तो गेला तो फोनच उचलेना. दोन दिवसांत डावं फडताळ साफ रिकामं झालं. उजव्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ तणतणत आले.

"जुना माल म्हणून सासऱ्यांना नेली. त्यांनी पाहुण्यांसमोर साल वाचलं. मागच्या वर्षीची निघाली."

"साहेब, बाटली नवी आहे. देश जुना."

"मी काय देश न्यायला आलो होतो?"

भांडण रंगात आलं असतानाच मालक दारात उभे. त्यांना भांडण दिसलं नाही, रिकामं फडताळ दिसलं.

"मास्तर, कमाल केलीत. आता उजवीकडच्या बाटल्या डावीकडे लावा."

"चिली नव्यात येतं."

"कोण म्हणतं?"

"इतिहास."

"त्याचं मी बघतो. तुम्ही बाटल्या हलवा."

मास्तरांनी बाटल्या हलवल्या, पण एकेक अशी आदळली की मालक दर वेळी डोळे मिटत होते. तेवढ्यात एक बाई आल्या, चष्मा नाकावर घेऊन त्यांनी फडताळ न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "चिली जुन्यात कसं?"

असा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मास्तरांनी वीस वर्षं वाट पाहिली होती. पण आज ते इतके पेटले होते की समोर कोण आहे हेही त्यांनी पाहिलं नाही.

"साडेचारशे वर्षं झाली तिथं वाइन करतायत," ते खेकसले. "अजून किती जुनं हवंय तुम्हाला?"

बाई विचारात पडल्या. "खरंच की," म्हणत दोन बाटल्या घेऊन गेल्या.

मास्तरांनी आपलंच बोलणं मनात तीनदा उलटसुलट करून पाहिलं. त्यात खोट सापडेना. मग मात्र त्यांचं डोकं खरोखरच फिरलं.