लातूरच्या गस्ती बोटीचे चार नळ

लातूर जिल्ह्यात पोलिसांच्या गस्ती बोटीचा चालक आजवर एकच झाला, तो म्हणजे मी, हवालदार खाजा शेख. मला पोहता येत न्हाई, समुद्र मी पाहिलेला न्हाई, आणि तरी चार वर्षांत माझ्या बोटीला पाण्यात एकही अपघात झाला न्हाई. कारण चार वर्षांत ती पाण्यात गेलीच नव्हती. गेली, तेव्हा काय झालं ते ऐका. हसायचं असलं तर शेवटी हसा.

भूकंपानंतर जगभरातून मदत आली. तंबू आले, घोंगड्या आल्या, औषधं आली. कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या पोलिसांनी आपली गस्तीची बोट पाठवली. बारा वर्षं वापरलेली, पण ठणठणीत. सोबत चिठ्ठी होती: ‘आमच्याकडे संकट आलं की सगळ्यात आधी ही बोट पोचते. तुमच्याकडेही पोचो.’ बिचाऱ्यांना गल्लीच्या टोकाला जायचं म्हटलं तरी बोट लागत असेल. आमच्याकडं नदीत पोरं क्रिकेट खेळतात, हे त्यांना कोण सांगणार?

कचेरीच्या कागदांत बोटीचा रकानाच नव्हता, म्हणून ‘वाहन’ अशी नोंद झाली. वाहन म्हटलं की लॉगबुक आलं, लॉगबुक म्हटलं की चालक आला. चालक नेमायच्या दिवशी मी रजेवर होतो, त्यामुळं मला कुणी विचारलं न्हाई.

अडीच वर्षं बोट लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. मी रोज लॉगबुकात लिहायचो, ‘आज बोट चालली नाही. कारण, पाणी नाही.’ मग वरून एक परिपत्रक आलं. ज्या वाहनाचे महिन्याला दहा किलोमीटर भरत न्हाईत ते जमा, आणि त्याच्या चालकाची बदली. माझी बदली ठरली हिमायतनगरला, पार नांदेडच्या पलीकडं.

हिमायतनगरबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण माझी लेक अर्शिया नुकतीच अकरावीला गेली होती. तेव्हा लातूर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बीड-परभणीची पोरं इथं खोल्या घेऊन राहायची, एकेका खोलीत सहा-सहा. पहाटे पाचला क्लासच्या दारात सायकली लावायला जागा मिळायची न्हाई. आणि मी लातूरचा माणूस पोरीला घेऊन लातूर सोडू? बदली झाली की पोलीस लायनीतली खोली जाणार, आणि पोरगी परक्याच्या घरी राहणार. मी बायकोला, शहजादीला सांगितलं, “दोन वर्षं. बारावी होईस्तोवर मी लातूरमधून हलत न्हाई.”

“आणि बोट?” तिनं विचारलं.

“बोट हलंल,” मी म्हणलो.

लिंबाजी आमच्या लायनीत ट्रॅक्टरनं पाणी आणायचा. त्याच्या ट्रॉलीवर बोट चढवली, भोंगा लावला आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी गावातून दहा किलोमीटर फिरवून आणली. परिपत्रकात वाहन कशावर चालावं हे लिहिलेलं नव्हतं. सगळं लातूर रस्त्यावर आलं. एका क्लासवाल्या सरांनी तर विचारलं, बोटीवर आमच्या पहिल्या दहा पोरांचे फोटो लावता का म्हणून.

उन्हाळ्यात शेजारच्या तारामतीवैनी दारात उभ्या राहिल्या. “भाऊजी, एवढं मोठं टोपलं रिकामं हिंडवायलाव. येताना पाणी तरी आणा की त्यात.”

बाई बरोबर बोलली होती. माझा मेहुणा अकरम नळाची कामं करतो. त्यानं बोटीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला चार तोट्या बसवून दिल्या. गावाबाहेरच्या विहिरीवर बोट भरायची, लायनीत आणून उभी करायची, चार तोट्यांवर चार रांगा. बायका बोटीची वाट बघू लागल्या. कुणी दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. मी लिहायचो, ‘बोट चालली. किलोमीटर अठरा.’ अर्शिया बारावीत गेली. माझं बस्तान पक्कं बसलं, असं मी समजलो.

सप्टेंबरात नवे साहेब आले. मूळचे मालवणचे. लॉगबुक चाळता चाळता थांबले.

“तीनशे बारा किलोमीटर? कुठल्या पाण्यात?”

“साहेब, पाणी बोटीत होतं.”

त्यांनी चष्मा काढला. “हवालदार, माझा जन्म होडीत गेलाय. मंगळवारी नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयात ही बोट चालवून दाखवायची. चालली तर तुमचं पद राहील. नाही चालली तर बोट भंगारात, आणि तुम्ही बुधवारी हिमायतनगरला.”

बारावीच्या परीक्षेला पाच महिने उरले होते. मी तीन रात्री झोपलो न्हाई. इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केलं, ते असं गरजलं की लिंबावरची पाखरं उडाली. तळ ठोकून पाहिला, दोर तपासला. निघायच्या सकाळी बोटीभोवती एक शेवटची फेरी मारली आणि प्रत्येक गोष्टीला हात लावून खात्री केली. प्रत्येक गोष्टीला, हे ध्यानात ठेवा.

नांदेडला पोचायला सात तास लागले. शहजादी आणि तारामतीवैनीही ट्रॉलीत होत्या, सोबत सहा रिकाम्या घागरी. एवढ्या गोदावरीवर जायचं आणि मोकळ्या हातानं यायचं, हे त्यांना पटत नव्हतं. साहेबांनी विचारलं, “या बायका कोण?”

“वाचवायला माणसं लागतील की साहेब, प्रात्यक्षिकाला.”

बोट पाण्यात उतरली. बेटाचं पाणी प्यालेली ती, पाणी लागताच डुलायला लागली. माझा ऊर भरून आला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. काठावर लिंबाजीनं टोपी उडवली. आम्ही मधोमध गेलो आणि साहेब पहिल्यांदा हसले. “बंद करा इंजिन. मला जरा पाण्याचा आवाज ऐकू दे.”

इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज आला. पण तो बोटीच्या आतून आला.

तुमच्याकडं नळाला रोज पाणी येतं का? मग तुम्हाला कळायचं न्हाई. आमच्या लातूरला दहा-दहा दिवसांनी येतं, कधी येईल याचा नेम न्हाई. म्हणून आम्ही तोटी उघडीच ठेवतो आणि खाली घागर लावतो. पाणी आलं की आवाजानं कळतं. कोरड्या तोटीला लातूरच्या माणसाचा हात लागला की ती उघडलीच. सकाळी मी प्रत्येक गोष्टीला हात लावला होता. चारही तोट्यांना.

बोट पळत होती तोवर पाणी बाहेर ओढलं जात होतं; ती थांबली आणि बुडाच्या चार भोकांतून पाण्याच्या चार धारा आत आल्या. साहेब ओरडणार तेवढ्यात दोघी बायका एकदम उठल्या. “नळ आला!”

मी खोटं सांगत न्हाई, मीपण खूश झालो. चार धारांना चार घागरी लागल्या. तारामतीवैनी पाचवी हातात धरून रांगेला उभ्या राहिल्या. “काय धार हाय हो भाऊजी,” त्या म्हणल्या, “लायनीत अशी कधीच येत न्हाई.”

“बोट बुडतेय!” साहेब म्हणाले. “फेका ते पाणी बाहेर.”

तारामतीवैनींनी घागर पोटाशी धरली. “फेकू? गोदावरीचं पाणी, साहेब. भरलेली घागर फेकायला मला कुणी शिकवलं न्हाई.”

शहजादी भरलेल्या सहाव्या घागरीवर बसूनच राहिली. शेवटी साहेबांनी स्वतःची टोपी काढली आणि टोपीनंच पाणी उपसायला लागले. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं. तोट्या बाहेरच्या अंगाला, आणि मला पोहता येत न्हाई. मला पाण्यात अर्शिया दिसली, परक्याच्या घरी, डोळे पुसत पुस्तक वाचणारी.

“साहेब, माझे पाय धरा,” मी म्हणलो आणि बोटीच्या काठावरून डोकं खाली घालून लटकलो.

साहेबांनी धरले. मालवणच्या माणसानं लातूरच्या हवालदाराचे दोन्ही पाय छातीशी आवळून धरले आणि मी नाकातोंडात पाणी जात एकेक तोटी बंद केली. दोन डाव्या अंगाच्या, मग साहेबांनी मला ओढून घेतलं, उलटं फिरवलं, दोन उजव्या अंगाच्या. बाहेर आलो तेव्हा पाणी थांबलं होतं. इंजिन पुन्हा पहिल्याच झटक्याला लागलं. आम्ही भोंगा वाजवत काठाला आलो. बोट शाबूत, माणसं शाबूत, सहाही घागरी काठोकाठ. थेंब सांडला न्हाई.

साहेब काठावर टोपी पिळत बसले. मग म्हणाले, “दहा दिवसांनी पाणी येतं? खरंच?” तारामतीवैनींनी त्यांना एक तांब्या भरून दिला. ते गटागटा प्याले आणि तिथंच अहवाल लिहायला बसले: ‘बोट पाण्यात चालते. शिवाय पाणी स्वतःहून भरून घेते. टंचाईच्या जिल्ह्यास अत्यंत उपयुक्त. चालकाचे पद कायम करावे व सदर चालकाची बदली कधीही करू नये.’ ‘कधीही’खाली त्यांनी रेघ मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लायनीत आमची मिरवणूक निघाली, बोटीवरूनच. अर्शियानं लातूरमध्ये, आमच्याच खोलीत बसून अभ्यास केला. बारावीला असे मार्क पाडले की क्लासवाल्यांनी तिचा फोटो लावायला बोट पुन्हा मागितली. मी जिंकलो. बेटावरच्या पोलिसांना मी चिठ्ठीपण लिहिली, की तुमची बोट संकटात सगळ्यात आधी माझ्या घरी पोचली.

अर्शियाला इंजिनीअरिंगला जागा मिळाली. कुठं? विष्णुपुरीला, नांदेडात. तिच्या वसतिगृहाच्या गच्चीवरून जलाशयाची तीच जागा दिसते. पहिल्याच पत्रात तिनं लिहिलं, ‘अब्बा, इथं नळाला चोवीस तास पाणी आहे. मी सवयीनं तोटी उघडी ठेवली, आमचा अख्खा मजला भिजला. तुमची आठवण येते.’ शहजादी ते पत्र उशाशी घेऊन झोपते आणि सकाळी उठली की म्हणते, “अजी, नांदेडला बदली मागा ना.”

मागितली. तीन वर्षांत तीन अर्ज केले, बदली नांदेडला मिळावी. तिसऱ्यांदाही साहेबांच्याच सहीनं तेच उत्तर आलंय: ‘नांदेड येथे मुबलक पाणी असल्याने तेथे बोटीची आवश्यकता नाही.’