सातवी ओळ, तेरावी खुर्ची

वीब्रन हुकस्ट्राने मनाशी पक्कं ठरवलं होतं की फक्त एकच प्रश्न विचारायचा. एकच, आणि तोही सहज, पाण्यात पाय मारता मारता.

ज्या व्यक्तीला तो विचारायचा होता ती सहा वर्षांची होती. दोन्ही दंडांना नारिंगी फुगे बांधून, वीनडाइक गावच्या पोहण्याच्या तलावाचा काठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तिचं नाव ऐला साल्मेला. मिरो साल्मेलाची मुलगी. गेल्या दोन हंगामांत एक्केचाळीस गोल मारून ज्याने गावच्या फुटबॉल क्लबला वरच्या विभागात नेलं आणि ज्याचा फोटो गावच्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी लावलेला आहे, तोच मिरो. आणि वीब्रन हा तिचा पोहण्याचा मास्तर. देवाने असं काही जुळवून आणल्यावर माणसाने एक प्रश्नसुद्धा विचारू नये म्हणजे काय?

"ऐला," वीब्रनने तिच्या हनुवटीखाली हात धरून विचारलं, "बाबा घरी इंग्लंडबद्दल काही बोलतात का गं?"

ऐलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तलावातलं बरंचसं पाणी पिऊन टाकलं.

आता वीब्रनची बाजूही समजून घ्या. छोट्या गावच्या क्लबचा चांगला खेळाडू म्हणजे उपवर मुलगी. कधीतरी ती जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मांडवात डोळ्यांना पदर लागतोच. दोन वर्षांपूर्वी आमचा गोलरक्षक असाच गेला. वीब्रनला ते केशकर्तनालयात कळलं, अर्धी हजामत झालेली असताना, आणि बाकीची अर्धी त्याने करूनच घेतली नाही. पुढच्या वेळी आपल्याला आधी कळलं पाहिजे, म्हणजे मनाची तयारी होईल, एवढंच त्या बापड्याचं म्हणणं होतं.

तेव्हा एका प्रश्नाने काय होणार? पुढच्या सोमवारी त्याने गुडघ्याची चौकशी केली. (बाबांच्या. ऐलाचे गुडघे तर वाकतच नव्हते, पण ती बाब दुय्यम.) त्याच्या पुढच्या सोमवारी, आईने एवढ्यात मोठ्या बॅगा आणल्या का, हे विचारलं. ऐला दर वेळी प्रामाणिकपणे उत्तर द्यायला जायची आणि दर वेळी पाणी प्यायची.

आणि चौथ्या सोमवारी त्याच्या यादीतून ऐलाचं नाव खोडलेलं होतं.

वीब्रन त्या लाल रेघेकडे बघतच राहिला. आमच्याकडे पावलागणिक कालवा. मूल नीट चालायला लागायच्या आत त्याचं नाव पोहण्याच्या वर्गासाठी लावून ठेवतात आणि नंबर यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मिळालेली जागा कोणी सोडत नाही. सोडतो तो एकच माणूस, गाव सोडून जाणारा.

"मिरो चालला," वीब्रन म्हणाला.

शेजारी मारिट उभी होती. ही त्याची सहकारी, बोलायला मुळातच कमी. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण वीब्रनचा आवाज तलावावर घडलेला. शिट्टी न वाजवता वीस मुलांना काठावर आणणारा तो आवाज एकदा सुरू झाला की मारिटसारखीने बोलायचं कधी? तिने आणखी एकदा प्रयत्न केला आणि मग ती पोहायच्या फळ्या गोळा करायला निघून गेली.

त्या शनिवारी वीब्रनच्या बायकोच्या, म्हणजे हिल्केच्या, मावशीचा वाढदिवस होता. सगळे नातेवाईक नेहमीप्रमाणे गोल करून खुर्च्यांवर बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर केकची बशी. वीब्रन म्हणाला की मी काही बोलत नाही. माझ्या कामात गुप्तता असते. (पोहण्याच्या मास्तरांच्या या गुप्ततेविषयी त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं.) पण एवढंच सांगतो, मुलीचं नाव काढलंय.

गोलातली कुजबुज मावशीपासून निघाली आणि मेहुण्यापर्यंत पोचली. मेहुणा दौवे, हिल्केचा भाऊ. चौकात त्याची हेरिंग मासळीची गाडी आहे. बातमी पसरवायला गावात त्याच्याइतकी सोय दुसरी नाही, कारण मासा गिऱ्हाइकाच्या तोंडात असतो आणि बोलायला दौवे एकटा मोकळा.

सोमवारपर्यंत हेन्नाने, म्हणजे मिरोच्या बायकोने, चार मोठ्या बॅगा घेतल्या होत्या. मंगळवारी त्यांच्या घराची मोजमापं घेणारा माणूस कोणाला तरी दिसला. बुधवारी गावाबाहेरच्या धावपट्टीवर एक छोटं विमान उतरलं, ते इंग्लंडहून आलेलं होतं आणि त्यात काळा कोट घातलेला माणूस होता. गुरुवारी तळलेल्या बटाट्यांच्या दुकानातल्या बाईने शपथेवर सांगितलं की मिरो काल येऊन गेला, आणि बटाट्यांकडे तो असा बघत होता की जणू शेवटचंच बघतोय.

हे सगळं फिरून वीब्रनकडे आलं. वास्तविक कंडी पिकवली त्याने स्वतः. पण चार दिवसांत तिला असे हातपाय फुटले की त्याने तिला ओळखलंच नाही. उलट त्याचा धीर पार सुटला.

"बघ, मी एकटाच म्हणत नाहीये," तो हिल्केला म्हणाला. "सगळं गाव म्हणतंय."

"गावाला कोणी सांगितलं?" हिल्केने विचारलं. ती बटाटे सोलत होती आणि तिने मान वर केली नाही.

आता खुर्च्यांचं सांगायला हवं, कारण खरा घोटाळा तिथेच झाला. क्लबच्या मैदानाच्या उत्तरेकडच्या स्टँडमध्ये, सातव्या ओळीत, बारा नंबरची खुर्ची हिल्केची. ती तिच्या वडिलांची. चाळीस वर्षं ते तिथे बसले आणि जाताना लेकीच्या नावावर करून गेले. शेजारची तेरा नंबरची वीब्रनची. या दोघांचं लग्न ठरलं त्याच दिवशी सासऱ्यांनी जावयाचं नाव प्रतीक्षायादीत घातलं होतं, आणि ते वर यायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत वीब्रन घरी रेडिओ ऐकायचा आणि बायको बापाच्या खुर्चीवर बसून सामना बघायची. म्हणून जेव्हा खुर्ची मिळाली, तेव्हा आपलं लग्न आज पुरं झालं असं वीब्रनला वाटलं होतं. सातवी ओळ अगदी मैदानालगत. तिथून तो मिरोला सतत सूचना देई, डावीकडे, मागे बघ, आता मार. एक्केचाळीसपैकी निदान सहा गोल आपल्या सूचनांमुळे झाले असा त्याचा हिशोब होता आणि तो कोणापासून लपवत नसे.

खुर्चीचं आरक्षण दर वर्षी पैसे भरून नवं करून घ्यावं लागतं. यंदाची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. शुक्रवारी सकाळी वीब्रन घरच्या दोन्ही खुर्च्यांचं एकच खातं उघडून संगणकासमोर बसला. पडद्यावर दोन चौकटी होत्या, 'पुढे चालू' आणि 'सोडून देत आहे'. क्लब आपला एकुलता एक हिरा विकतोय, आणि आपण निमूटपणे पैसे भरायचे? काहीतरी निषेध नको? त्याने 'सोडून देत आहे' दाबलं. खात्री आहे का, असं संगणकाने दोनदा विचारलं. हिल्केनेसुद्धा कधी एवढ्यांदा विचारलं नव्हतं. त्याने दोन्हीदा 'होय' दाबलं आणि सायकलवर टांग मारून तो मैदानाकडे निघाला.

मैदानावर त्या दिवशी नव्या हंगामाचा पहिला सराव होता. फाटकापाशी दोनेकशे माणसं जमलेली. कोणी रागात, कोणी रडवेले. एक आजोबा घरी भाजलेल्या गोड वेफर्सचा डबा घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं, जाताना पोराच्या पोटात काहीतरी असावं. दौवेने मासळीच्या गाडीची ताडपत्री आणून त्यावर 'मिरो, राहा' असं रंगवलं होतं. तिचं एक टोक त्याने स्वतः धरलं आणि दुसरं वीब्रनच्या हाती दिलं. ताडपत्रीला मासळीचा वास येत होता, पण भावना शुद्ध होती.

तेवढ्यात मिरोच बाहेर आला. पायात साध्या चपला, हातात कॉफीचा कप. गर्दी बघून तो बिचकला. आमची भाषा तो जपून बोलतो, एकेक शब्द ठेवत.

"मी कुठे चाललोय?" त्याने विचारलं.

इंग्लंडला, असं चारपाच जण एकदम म्हणाले.

तेव्हा मिरोने सांगितलं की त्याचा करार अजून तीन वर्षांचा आहे. घराचं मोजमाप मागच्या पडवीसाठी झालं. विमानाचं त्याला ठाऊक नाही. बटाटे बेचव होते.

"मग मुलीला पोहण्यातून का काढलंत?" मागून कोणीतरी ओरडलं.

"काढलं नाही," मिरो म्हणाला. "मास्तर बदलला. आता ती रविवारी मारिटबाईंकडे जाते. आधीचे गृहस्थ भले आहेत, पण ती पाण्यात असताना ते तिला माझा गुडघा विचारायचे. उत्तर देता देता पोर अर्धा तलाव प्यायची. मग रात्री पोटात दुखायचं."

दोनशे माणसं हळूहळू वळली. वीनडाइकमध्ये पोहण्याचे मास्तर किती? एक मारिट आणि दुसरा ताडपत्रीचं टोक धरून पहिल्याच रांगेत उभा. दौवेने आपलं टोक सोडून दिलं. त्यामुळे वीब्रनच्या हातात नुसतं 'राहा' उरलं. आजोबांनी जाता जाता त्याला एक वेफर दिला, हे मात्र सांगायलाच हवं. माणसं वाईट नाहीत आमची.

मग वीब्रनला खुर्ची आठवली. त्याने सायकल अशी पिटाळली की त्या रस्त्यावर आजवर कोणी पिटाळली नसेल. क्लबच्या खिडकीशी पोचला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीतली बाई मायाळू होती, पण संगणक तसा नव्हता. त्याने बाराच्या ठोक्याला सोडलेल्या खुर्च्या यादीतल्या पुढच्या माणसांना देऊन टाकल्या होत्या. त्याचं नाव पुन्हा यादीत घालू का, असं बाईने विचारलं. नंबर साधारण नऊ वर्षांनी येईल.

"आणि बारा नंबरची?" हे विचारताना वीब्रनचा तो तलावावरचा आवाज गेला कुठे कोण जाणे. बाईने सांगितलं की दुसऱ्याच्या नावावरच्या खुर्चीची माहिती द्यायला त्यांना परवानगी नाही.

घरी हिल्केने वाटाण्याचं सूप केलं होतं. वीब्रनने चमचा उचलला आणि खाली ठेवला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐलाचं, ताडपत्रीचं, शेवटी खुर्च्यांचं.

"तुझ्या बाबांची खुर्ची मी घालवली," तो म्हणाला. "मला वाटलं मी निषेध करतोय. चाळीस वर्षं ते तिथे बसले, आणि मी दोन मिनिटांत घालवली." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

हिल्केने सूप संपवलं. शांतपणे, पावाच्या तुकड्याने ताटली पुसूनसुद्धा घेतली. तेवढा वेळ तिने त्याला तसंच बसू दिलं, आणि ते योग्यच होतं.

"माझी मी मे महिन्यातच नवी करून घेतली," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुझ्याबरोबर संसार केलाय, अरे. बाबांची खुर्ची तुझ्या हातात ठेवेन का मी?"

वीब्रनला इतकं हायसं वाटलं की आपली स्वतःची खुर्ची गेली आहे, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना नव्याने आठवलं. हिल्केला मात्र आठवत होतं. रात्री दिवा मालवताना ती म्हणाली की शेजारी आता कोण येऊन बसेल देव जाणे. ती नाराज होती, पण तसं म्हणाली नाही.

शेजारी मारिट येऊन बसली. ती आठ वर्षं यादीत होती, कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. आता घरच्या मैदानावर सामना असेल त्या रविवारी मारिट सुट्टी घेणार. मग तिचा वर्ग कोणी घ्यायचा? गावात मास्तर दोनच.

त्या रविवारी ऐलाला वीब्रनने शिकवायला हेन्नाने हो म्हटलं, पण एका अटीवर. ती अट तलावाच्या व्यवस्थापकबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली, 'पाण्यात फुटबॉलविषयी बोलू नये'. नाव कोणाचंच नव्हतं, पण कागद बरोबर वीब्रनच्या उंचीवर लावलेला होता.

ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्याच्या दिवशी वीब्रन काठावर उभा होता. कालव्यापलीकडून मैदानाचा आवाज येत होता, कधी चढणारा, कधी पडणारा, आणि गोल कोणी मारला ते कळायला मार्ग नव्हता. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. चाळीस मिनिटं तो पाय, हात, श्वास, याखेरीज एक अक्षर बोलला नाही. आणि काय सांगावं, ऐला पहिल्यांदाच फुग्यांशिवाय तलावाची अख्खी रुंदी पोहून गेली. पाणी अजिबात न पिता. वीब्रनला जेवढा आनंद झाला, तेवढा त्या सहा गोलांनीही झाला नव्हता.

ती काठाला धरून धापा टाकत होती. मग हळूच म्हणाली, "सर, बाबा तुमच्याबद्दल विचारत होते."

वीब्रनने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. वर गॅलरीत हेन्ना फोनवर बोलत होती. तो पटकन खाली बसला.

"माझ्याबद्दल?"

"हो. सरावाच्या सामन्यांना तुम्ही दिसला नाहीत ना. सातव्या ओळीतले ते काका आजारी आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, ते आमचे सर. त्यांची खुर्ची गेली. आता ते कधीच येणार नाहीत."

दोन वर्षं तो घसा फोडून ओरडला होता, आणि माणसाला त्याची आठवण होती. मिरो साल्मेलाला त्याची उणीव भासत होती. भिंतीवरचा कागद गेला खड्ड्यात.

"मग बाबा काय म्हणाले गं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"म्हणाले, तरीच," ऐला म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना प्रशिक्षकांचं बोलणं ऐकू आलं."