आधी गटार, मग राजा

सेतुमाधवराव कुठलंही राज्य स्थापन करायचं म्हटलं की आधी गटारं खणतात. राजा नसला तरी त्यांचं अडत नाही. सांडपाणी कुठं जाणार हे ठरल्याशिवाय मात्र त्यांच्या राज्यात कोंबडा आरवत नाही.

हे वेस्ट मांबलममधले आमचे घरमालक. बँकेतून निवृत्त झालेले, घरात तंजावरी मराठी. मी साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईत आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना 'मामा' म्हणू लागलो. रविवारी ऑफिसमधले कार्तिक आणि दिव्या फासे घेऊन माझ्याकडे यायचे. एकानं काल्पनिक जग चालवायचं, बाकीच्यांनी त्यात योद्धा, चोर, मांत्रिक होऊन हिंडायचं, असा आमचा खेळ. एकदा मामा पाण्याच्या मोटारीवरून भांडायला वर आले, ते खेळायलाच बसले.

नव्या डावासाठी आम्ही पैज लावली. महिनाभर रोज सकाळी आपापल्या जगाबद्दल काहीतरी लिहायचं. ज्याचं जग सरस, त्यात सगळ्यांनी खेळायचं. मी दोन डोंगर, एक शाप आणि एक ड्रॅगन लिहिला आणि त्याच आठवड्यात गळालो. कार्तिक नकाशा रंगवत बसला. दिव्यानं एक देव निर्माण केला आणि त्याच्यावरच सगळं सोपवून मोकळी झाली. मामांनी एकही सकाळ चुकवली नाही. गटारांनंतर नळाच्या वेळा झाल्या, मग पेन्शनचे नियम. त्यांचा ड्रॅगन एकादशीला माणूस खात नाही.

"काय पा, राक्षस झाला म्हणून नेम सोडावा?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचं 'पा' म्हणजे आपलं 'बाबा'.

शर्यतीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं, त्यामुळे मामा जिंकले.

त्यांच्या राज्यात आम्ही शिरलो म्हणता? कुठलं! वेशीवरच अडकलो. तिथं पायरीवर एक म्हातारी बसलेली. ती येईल त्याला मामांच्या घरगुती मराठीत विचारायची, "जेवलांत का?" मामा मान तिरकी करून, बारीक आवाजात तिचं सोंग वठवायचे.

कार्तिकनं इथल्या सवयीनं ठोकून दिलं, "साप्टाच्चु!" जेवण झालंय म्हणे. दार बंद. दिव्या उपाशी आहे म्हणाली, तर म्हातारीनं दहीभात वाढला, पण दार बंदच. मग आम्ही इरेला पेटलो. आमच्यासारख्या शहाण्यांना प्रश्न दिसला की त्यात कोडंच दिसतं. मंत्र झाले, लाच झाली. कार्तिकनं तलवार उपसून फासा टाकला, तलवार मोडली.

"मामा, गटारातून शिरता येईल का?"

"जाळी बसवली आहे," मामा अभिमानानं म्हणाले.

असे किती रविवार गेले कोण जाणे. एकदा दुपार कलली, माझ्या पोटात कावळे कोकलायला लागले आणि मी वैतागून म्हणालो, "अहो आजी, आमचं राहू द्या. तुम्ही जेवलात का?"

मामांच्या हातातला फासा हातातच राहिला.

"उघडलं दार," ते म्हणाले. आवाज म्हातारीचा नव्हता, त्यांचाच होता.

"एवढंच?" कार्तिक ओरडला.

"एवढंच की. तुमची मामी जन्मभर मला हेच विचारत होती. मी 'जेवलों' म्हणून पेपर उघडत होतों. तिला उलटं विचारायचं राहूनच गेलं पा."

मग दिव्यानं हळूच विचारलं, "मामा, आज तुम्ही जेवलात?"

मामा फासा पुसत बसले. "एकट्याला कुकर काय लावायचा?"

या माणसाचा आपल्याला फार लळा लागलाय, हे मला तेव्हा कळलं. दार सताड उघडं होतं, पण राज्यात जायची घाई कोणालाच राहिली नव्हती. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि चौघांचे तांदूळ धुवायला घेतले.

"सेरि, सेरि," मागून मामांनी होकार भरला, "पण तें पाणी मोरीत ओतूं नकोस. कढीपत्त्याला घाल."