छताला टांगलेला चौदा नंबर

विद्यापीठाची थोरवी तिथे काय शिकवतात यावरून ठरत नाही, क्रीडागृहाच्या छताला काय टांगलंय यावरून ठरते. या कसोटीवर आयोवातलं टिल्डन प्रेअरी विद्यापीठ फारच थोर आहे.

इथली प्रथा अशी की, नामवंत खेळाडू पदवी घेऊन गेला की त्याचा नंबर निवृत्त करायचा, जर्सी छताला टांगायची आणि तो नंबर पुन्हा कुणी घालायचा नाही. कॉलेज बास्केटबॉलमध्ये पंच नंबर बोटांनी दाखवतात, म्हणून त्या काळी जर्सीवरच्या नंबरात पाचाच्या वरचा अंक चालत नसे. त्यामुळे नंबर जेमतेम तीन डझन होते. थोरवीला मात्र अशी काही मर्यादा नव्हती.

आधी विक्रमवीर वर गेले, मग बरे खेळणारे, मग स्वभावाने चांगले. बावीस नंबर मिळालेल्या मुलाच्या वडिलांनी विद्यापीठाला पार्किंग बांधून दिलं होतं (पार्किंग उत्तम आहे). पुरुषांच्या संघाने अजिंक्यपद कधी जिंकलं नाही. महिला संघाने तीनदा जिंकलं, पण त्यांचा एकही नंबर निवृत्त झाला नाही (छतावर जागा नव्हती).

पुरुष संघाचा प्रशिक्षक लाइल हास्कॅम्प तरुणपणी चौदा नंबर घालून इथेच खेळला होता, बहुतेक वेळ बाकावर. आपला चौदा एकदा वर लटकलेला पाहावा, एवढीच त्याची जन्माची इच्छा होती.

हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी क्रीडा संचालक मार्विन प्रेविट त्याच्या खोलीत आला.

"लाइल, आज सामन्याआधी तुझा चौदा वर चढतोय."

लाइलने डोळे पुसले. मग हिशेब केला.

"अरे, पाचच नंबर उरलेत. हा गेला की चार. चौघांना खेळायला उतरवत नाहीत."

"मग सामना राहू दे. लोक काय सामना बघायला येतात होय?"

दारात एमेट उभा होता. चौदा नंबर सध्या त्याचा होता, आणि कॉलेजचं हे त्याचं शेवटचं वर्ष होतं.

लाइलने चांगलं अर्धं मिनिट विचार केला. "एमेट, बाळा, तुझी जर्सी इतिहासात जमा होतेय."

"जर्सी माझी जाईल, कोच. नाव तुमचं लावतील."

लाइलला हे लागलं. पण जर्सी त्याने घेतली.

बाहेर महिला संघाची प्रशिक्षक जोलीन स्ट्रँड भेटली. "आमचाही सामना आहे आज. तुमच्या सोहळ्याच्या नादात आमचे दिवे घालवू नका म्हणजे झालं."

संध्याकाळी चार हजार माणसं माना वर करून उभी राहिली. चौदा वर चढला, लाइल रडला, पॉपकॉर्न संपलं. पाहुणा संघ बसमधून न उतरताच विजयी ठरला. असा रंगलेला सामना कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, असं लोक घरी जाताना म्हणाले.

शेजारच्या जुन्या व्यायामशाळेत महिला संघ खेळत होता. प्रेक्षक अकरा, पंच धरून. तिथला निकाल इथे द्यायचा राहून गेला आहे, पण तुम्हालाही तो विचारावासा वाटला नाही, तेव्हा फारसं बिघडलेलं नाही.