इसम जमिनीवर असताना

मुलीचा बायोडेटा एकदा आपल्या नजरेखालून जाऊ द्यावा, एवढंच बाबांनी ठरवलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होती ती नजर. गेली सव्वीस वर्षं ते विमा कंपनीत दावे तपासत होते, आणि लोक सांगतात ते खरं असतं यावरचा त्यांचा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडाला होता. वादळात छप्पर उडालं म्हणणाऱ्या एका माणसाला, ते उडून कुठे गेलं ते दाखवा म्हणून त्यांनी तीन गावं फिरवलं होतं. (छप्पर सापडलं. मग बाबांनी विचारलं, हे तुमचंच कशावरून?)

मुलगी नुकतीच नर्सिंगची परीक्षा पास झाली होती. वर्गातल्या बाकीच्या कुठे ना कुठे चिकटल्या. हिने चार ठिकाणी अर्ज केले आणि चारही ठिकाणांहून साधं उत्तरही आलं नाही. पाचवं रुग्णालय घरापासून चालत वीस मिनिटांवर होतं, आणि तिथे जागा एकच होती. अर्जाची मुदत सोमवारपर्यंत. बाबांच्या ऑफिसात प्रिंटर आहे म्हणून तिने तो कागद त्यांच्या हाती दिला. इथेच चुकलं.

बाबांनी लाल पेन्सिल काढली. प्रशिक्षण, गुण, नोंदणी क्रमांक यांच्यावर बरोबरच्या खुणा झाल्या. मग पेन्सिल एका शब्दावर अडली.

"प्रेमळ. कोण म्हणतं?"

"आई म्हणते."

"घरची साक्ष चालत नाही."

'प्रेमळ' गेलं. 'मेहनती' गेलं, कारण रविवारी ती साडेनऊला उठते हे बाबांनी स्वतः पाहिलेलं होतं. उरलं फक्त 'तातडीच्या प्रसंगी डोकं शांत'. मुलगी म्हणाली, तेही काढलंत तर नाव-पत्ता तेवढा राहील, आणि तो पाकिटावरही असतो. बाबांना तिची दया आली. बघू, म्हणाले. बाबांचं 'बघू' म्हणजे पुरावा गोळा करणं, हे घरात फक्त आईला ठाऊक होतं, आणि आई तेव्हा शेजारी गेली होती.

शनिवारी सकाळी मुलगी चहा करत होती. बाबा स्वयंपाकघरात आले, चष्मा काढला, घडी घालून ओट्यावर ठेवला, "आई गं" असं बेताच्या आवाजात म्हणाले आणि जमिनीवर आडवे झाले. (फरशी फार गार नाही ना, हे आधी हात लावून पाहिलं होतं.)

मुलगी वाकली. मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिली, पापणी वर करून पाहिली. मग उठली, चहात साखर घातली, गॅस बंद केला, बाबांवरून एक पाय पलीकडे टाकून गाळणं घेतलं आणि शांतपणे चहा गाळला. बाबा मनात म्हणाले, वा, याला म्हणतात पुरावा.

एवढ्यात आई ओल्या चादरींची बादली घेऊन दारात आली. नवरा जमिनीवर नि पोरगी चहा गाळतेय, हे पाहून तिच्या हातून बादली सुटली, ती थेट बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर. त्यावर बाबा जे ओरडले त्यात अभिनय नव्हता. मुलीने बर्फ लावला, पट्टी बांधली. आई तासभर बोलत होती. त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की तुमच्याशी संसार केला याच्याच भरपाईचा दावा मला आता लावावा लागेल.

बाबा तसेच लंगडत ऑफिसात गेले आणि त्यांनी बायोडेटा नव्याने टाइप केला. पाहिलं तेवढंच लिहायचं, पदरचं मत घालायचं नाही, ही त्यांची शिस्त. पाकीट चिकटवून स्वतःच रुग्णालयात नेऊन दिलं. मुलीला वाटलं, आपलाच कागद गेला.

बुधवारी मुलाखतीला बाबा रजा टाकून बरोबर गेले. मेट्रनबाईंच्या खोलीचं दार आपोआप लागायचं, म्हणून त्याला वजनकाटा टेकवून ठेवला होता. त्यामुळे बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. मेट्रनबाईंनी कागद उघडून मोठ्याने वाचलं :

"'शनिवारी सकाळी सात चाळीस वाजता एक इसम घरात जमिनीवर पडलेला होता. उमेदवाराने इसमास ओलांडून चहा गाळला. त्यानंतर इसमाच्या अंगठ्यास दुखापत झाली. साक्षीदार स्त्री जबाब देण्याच्या मनःस्थितीत नव्हती.'"

चार शब्द पदरचे घालायला हवे होते, असं बाबांना आयुष्यात प्रथमच वाटलं. पोरीची पाचवी नोकरीही गेली, आणि ती आपण घालवली, तीही पुराव्यासकट. आत जाऊन खुलासा करावा म्हणून ते उठले; अंगठ्याने खाली बसवलं.

"माणूस पडलाय आणि तुम्ही चहा गाळताय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"वडील होते ते." मुलगी म्हणाली. "नाडी बहात्तर होती. श्वास नीट, रंग नीट. तरी नजर त्यांच्यावरच ठेवली होती."

"आणि खात्री कशाने झाली?"

"चक्कर येणारा माणूस चष्म्याची घडी घालून ओट्यावर ठेवत नाही, मॅडम. आणि मी साखर घालायला लागले तेव्हा एक डोळा उघडून ते चमचे मोजत होते."

खरंच बेशुद्ध असते तर काय केलं असतं, असं मेट्रनबाईंनी विचारलं. मुलीने एकामागून एक सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. थोड्या वेळाने मेट्रनबाई बाहेर आल्या, बाबांसमोर खाली वाकल्या, अंगठ्याचं नख दाबून पाहिलं, पट्टीचं शेवटचं टोक नीट खोचलंय ना तेही पाहिलं, आणि आत गेल्या.

शुक्रवारी नेमणुकीचं पत्र आलं. त्यात तीन अटी होत्या. पहिली, तिन्ही पाळ्यांत काम करावं लागेल. दुसरी, पहिले सहा महिने कच्ची नेमणूक. तिसरी टाइप केलेली नव्हती, शाईने लिहिलेली होती : उमेदवाराच्या वडिलांनी रुग्णालयाच्या आवारात पडू नये, पडल्यास ते खरे धरले जाणार नाही. त्याखाली वडिलांच्या सहीसाठी रेघ ओढलेली.

मुलगी पत्र छातीशी धरून घरभर फिरली, मग ते बाबांसमोर ठेवलं. बाबांनी तिसरी अट दोनदा वाचली. लाल पेन्सिल काढली, वाक्य कुठे सैल आहे का ते शोधलं. नव्हतं. आई हाताची घडी घालून शेजारी उभीच होती.

शेवटी बाबांनी सही केली, तारीख घातली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने खाली लिहूनही टाकलं : प्रत्यक्ष पाहणी केली. मजकूर योग्य आहे.