ऑरिनची कोरडी खोली

"माझ्या खोलीत कोण शिरलं होतं?" ऑरिन टिबेट्स तळघरातून गरजला, तेव्हा त्याची बायको मॅक्सीन वर बटाटे सोलत होती.

"तुझ्या खोलीत उंदीरसुद्धा विचारून जातो," ती म्हणाली. "काय झालं?"

झालं ते भयंकरच होतं. शिकारीची काडतुसं ऑरिन घरीच भरायचा आणि त्यासाठी वर्षानुवर्षं बंदुकीची दारू साठवत आला होता. डबे फळीवर जसेच्या तसे होते. लेबलं मात्र सगळी जमिनीवर, पाचोळ्यासारखी.

दारू थंड जागी हवी, कोरडी हवी, मूळच्या डब्यातच हवी, काडतुसात ठिणगी पाडणाऱ्या टोप्या तिच्यापासून लांब हव्यात, हे सगळं त्याने सोवळ्यासारखं पाळलं होतं. हवेतला ओलावा शोषणारं यंत्र अखंड घरघरत असे. मॅक्सीनने एकदा तिथे ओले मोजे वाळत घातले, तर आठवडाभर अबोला!

"रेक्सचं काम आहे हे! तुझ्या भावाचं!"

"बिचाऱ्या रेक्सला कशाला ओढतोस?" मॅक्सीन खाली आली. तिने एक लेबल उचललं, तर ते पापडासारखं मोडलं. "गोंद वाळलाय, ऑरिन. इथं दोन मिनिटांत माझे ओठ फुटले, तिथं गोंदाची काय कथा!"

ऑरिनचं डोकं सणकलं. म्हणजे नीट सांभाळलं हाच गुन्हा? त्याने एक डबा उघडला. "हा दाणा लांबट आहे. म्हणजे ही बहुतेक..."

"ठेव खाली!"

"अगं, मी ओळखतो की!"

"मागच्या नाताळात माझं गोठवलेलं मांस फेकलंस. 'ज्यावर नाव नाही, त्यावर विश्वास नाही' म्हणालास. आता भलतीच दारू भरलीस आणि बंदूक तोंडावर फुटली, तर तुलाच लेबल लावावं लागेल!"

ऑरिनने डबा फळीवर ठेवला. टोप्या होत्या, गोळ्या होत्या, पितळी नळ्यांचा ढीग होता. दारू तेवढी गेली. वायोमिंगभरच्या दुकानांत टंचाई. शेवटी दात-ओठ खात त्याने रेक्सला फोन लावला. पत्र्याच्या तापत्या शेडमध्ये, 'त्या भट्टीत', दारू ठेवतो म्हणून त्याने आजवर रेक्सचा जाहीर उद्धार केला होता.

"देतो की, भावोजी!" रेक्स खुशीत म्हणाला. "पण माझी ती भट्टीतली आहे हं. तुम्हाला चालेल ना?"

ऑरिनने फोन आपटला. मग जुनी शिकारी मंडळी खत म्हणून टाकतात तशी ती बिननावाची दारू त्याने अंगणातल्या गवतावर विरळ पसरून टाकली. मुठीमागे एक शिवी.

शिकारीचा हंगाम उजाडला. साऱ्या गावाचं गवत पिवळं पडलं होतं, ऑरिनचं मात्र गुडघाभर हिरवंगार. रेक्स पहाटेच डोंगरावर गेला होता. ऑरिन कॉफी घेऊन खिडकीशी आला आणि थिजला. अंगणात घोड्याएवढ्या एल्क हरणांचा कळप चरत होता. मधोमध झाडासारख्या शिंगांचा नर. गावात गोळी झाडायला बंदी आणि घरात काडतूस नाही!

तेवढ्यात फोन वाजला. "भावोजी," रेक्स धापा टाकत होता, "इथं एक शेपूट दिसेना! तुमच्याकडे काय?"

"काही नाही!" ऑरिनने फोन ठेवला, खिडकी खाडकन उघडली आणि संतापाने ओरडला, "वर्षानुवर्षं जपलीय ती दारू मी! निदान नीट चावून तरी खा!"

नराने एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.