गादीच्या खोलीतली फवारणी

"पाच मिनिटांचं काम, मॅडम. दार लावायचं, बोलायचं, फोनवर पाठवायचं. झरी जामणीच्या जंगलातही ऐकतील," धम्मरत्न छाती फुगवून म्हणाला.

यवतमाळच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत पॉडकास्ट हा शब्द त्यानेच आणला होता. मागच्या हंगामात कपाशीवर फवारता फवारता माणसं आडवी झाली होती, संस्थेच्या दवाखान्यात खाटा पुरल्या नव्हत्या. येत्या सोमवारी पुन्हा गावोगावी पंप पाठीवर चढणार होते. त्याआधी अंगावर विष सांडलं तर काय करायचं, एवढं गावांच्या कानी घालायचं होतं.

आवाज घुमू नये म्हणून त्याने एका खोलीच्या भिंतींना दवाखान्यातल्या जुन्या गाद्या टांगल्या. बाजारात कोणी विचारत नव्हतं त्या कापसाला. भिंतीवर तरी त्याला मान मिळाला. बोलायला आले केळापूरकडचे भगवानराव, मागच्या साली याच दवाखान्यातून बरे होऊन गेलेले. पंपाचा आवाज आला की शेतकरी कान देतो, म्हणून धम्मरत्नने त्यांना पंपही आणायला लावला होता.

सगळं जमलं, आणि संचालिका डॉ. विजयमाला दारात उभ्या राहिल्या. "उद्घाटन कधी आहे?"

"मॅडम, हे नुसतं ऐकायचं असतं."

"म्हणून समई लावायची नाही? संस्थेची रीत आहे. रुपाली, रेकॉर्डिंग सुरू ठेव. स्वागतातला एक शब्दही सुटायला नको."

बाहेर संगणकाशी बसलेल्या रुपालीने काचेतून धम्मरत्नकडे पाहिलं. त्याने कपाळाला हात लावला.

पंखा बंद, दार बंद, गाद्यांच्या मधोमध समई. प्रास्ताविक झालं. पाहुण्यांचा परिचय झाला, तो भगवानरावांनाही नवा होता. "मॅडम, मुद्द्याचं..." धम्मरत्न कुजबुजला.

"आधी शाल."

भगवानरावांच्या पाठीवर पंप. शाल खांद्यावर बसेना. मॅडमनी ती जोरात वरून टाकली, तिचे गोंडे समईवरून फिरले आणि थेट गादीला टेकले. कापूस तो! आधी लाजल्यासारखा धुमसला, मग भसकन पेटला.

भगवानरावांनी दांडा हाणला, नळी रोखली आणि गादी, शाल, समई, मॅडम, धम्मरत्न, माईक, सगळ्यांवर एकसारखी फवारणी केली. आग विझली. दार उघडून सगळे धुरातून बाहेर पडले.

रुपालीने हळूच विचारलं, "काका, पंपात काय होतं?"

भगवानराव काही सांगणार तोच धुराने त्यांना असा ठसका लागला की बोलता येईना. नुसता हात हलवत राहिले. पंपात विषच होतं असं समजून मॅडम पांढऱ्या पडल्या.

"ओले कपडे काढा आधी! साबण आणा! तोंडाला हात लावू नका, धम्मरत्न! उलटी काढायला बोटं घालायची नाहीत! फवारणीच्या औषधाचा डबा कुठे आहे? डबा सोबत घेऊन दवाखान्यात चला, लवकर!"

डोक्यावर साबण, अंगात बनियन, अशा अवतारात धम्मरत्न नळाखाली बसला तेव्हा कुठे भगवानरावांना कंठ फुटला.

"पाणी होय जी. तुमच्याच नळाचं. औषध कायले आणू मी दवाखान्यात?"

माईक भिजून मेला. नवा नागपूरहून यायचा, तोही सोमवारनंतर. भगवानरावांचा घसा धुराने बसला. उरलं फक्त आधीचं स्वागत आणि रुपालीच्या संगणकाने बाहेर टिपलेली मॅडमची आरडाओरड.

"पुसून टाका," मॅडम म्हणाल्या.

धम्मरत्नच्या कानात अजून फेस होता. "मॅडम, सोमवारी फवारणी आहे. आपल्याला जे सांगायचं होतं ते सगळं याच्यात आहे. तुमच्याच आवाजात."

मॅडमनी ते एकदा ऐकलं. आपलाच तो चिरका, घाबरलेला आवाज ऐकताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "स्वागत कापा. माझं नावही. मग पाठवा."

मंगळवारी भगवानरावांचा फोन आला. आवाज अजून घोगराच.

"साहेब, काल गावात साबण अन् पाण्याची बादली घेतल्याबिगर कोणी वावरात गेलं नाही. पन बाया मले इचारून राह्यल्या, ते बोंबलणारी बाई वाचली का म्हणून. काय सांगू?"

धम्मरत्नने मॅडमच्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. नाव कापूनही तो आवाज कोणाचा ते अख्ख्या संस्थेने ओळखलं होतं, आणि सकाळपासून त्याला आत तीनदा बोलावणं आलं होतं.

"वाचली म्हणा," तो हळू आवाजात म्हणाला. "माझंच काही खरं नाही."